गावच्या वाटेचे भाडे

आश्विन उजाडला, पावसाने काढता पाय घेतला आणि महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर दिवाळीच्या सुटीची तारीख लागली, म्हणजे मुंबईच्या उपनगरांतील वसतिगृहांत, आणि चार-चार जणांनी कॉट-बेसिसवर घेतलेल्या खोल्यांत, एकच प्रश्न या खाटेवरून त्या खाटेवर फिरू लागतो: "गावी कधी?" ज्याच्या घरून दरमहा पैसे येतात तो तारीख सांगतो, गाडीचे नावही सांगतो, जो शिष्यवृत्तीवर शिकतो तो मात्र, "पैसे पडले की," एवढेच उत्तर देतो आणि भ्रमणध्वनीवर आलेला बँकेचा संदेश पुन्हा एकदा उघडून पाहतो. १९४६ साली स्थापन झालेल्या अंधेरीच्या भवन्स महाविद्यालयापासून १९८४ सालच्या मुलुंडच्या वझे महाविद्यालयापर्यंत, घाटकोपरच्या झुनझुनवाला महाविद्यालयापासून विद्याविहारच्या सोमय्या संकुलापर्यंत आणि पवई-देवनारच्या राष्ट्रीय कीर्तीच्या संस्थांपर्यंत, उपनगरांतील विद्येची ही सगळी ठाणी महाराष्ट्राच्या दूरदूरच्या तालुक्यांतून आलेल्या मुलामुलींनी गजबजलेली आहेत. आणि त्यांपैकी पुष्कळांचे येथे राहणे सरकारी साहाय्यावर अवलंबून आहे. त्या साहाय्याच्या हिशेबात घरी जाण्याचा खर्च कोठे बसतो, याचा शोध घ्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

तो कोठेच बसत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ या वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. तिच्या मूळ आराखड्यात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपये देण्याची तरतूद झाली: भोजनभत्ता ३२,०००, निवासभत्ता २०,००० आणि निर्वाहभत्ता ८,०००. अभियांत्रिकी व वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याला शैक्षणिक साहित्यासाठी आणखी ५,००० आणि इतरांना २,००० रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचा साचाही हाच आहे. योजना चांगली आहे, हे निःसंकोचपणे म्हटले पाहिजे. ती नसती तर आज उपनगरांत शिकणारी कितीतरी मुले तालुक्याच्या गावापलीकडे पाऊल टाकू शकली नसती. परंतु तिची शीर्षे नीट वाचावीत. माणूस जेवतो, हे शासनाने मान्य केले; माणूस कोठेतरी निजतो, हे मान्य केले; त्याला साबण, तेल, वह्या लागतात, हेही मान्य केले. मात्र हा विद्यार्थी कोठून तरी आलेला आहे आणि त्याला तेथे वारंवार परत जावे लागणार आहे, ही गोष्ट त्या कागदावर उमटलेली नाही. आश्चर्य असे, की योजनेचा लाभ मिळण्याची पहिली अटच ही आहे, की विद्यार्थी ज्या शहरात शिकतो त्या शहराचा तो रहिवासी नसावा. गावापासूनचे दूरत्व ही पात्रता ठरली, पण त्या दूरत्वाचा खर्च हिशेबात आला नाही.

येथे थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. निर्वाहभत्त्याचे ८,००० रुपये बारा महिन्यांवर विभागले, तर दरमहा ६६६ रुपये पडतात. राज्य परिवहन महामंडळाचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते आणि २५ जानेवारी २०२५ पासून झालेल्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा एका टप्प्याचा दर ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. गाव साडेचारशे किलोमीटरवर असेल, आणि मराठवाडा, खानदेश, तळकोकण यांतील पुष्कळ गावे उपनगरांपासून साधारण तेवढ्या अंतरावर आहेत, तर पंचाहत्तर टप्प्यांचे एका वेळचे भाडे सुमारे ७५४ रुपये होते, जाऊन-येऊन १,५०८. म्हणजे एका खेपेला सव्वादोन महिन्यांचा निर्वाहभत्ता लागला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मान याहून तोकडे आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित नियमावलीप्रमाणे बी.ए., बी.कॉम. यांसारख्या सर्वसाधारण पदवीच्या विद्यार्थ्याला, तो वसतिगृहात राहत असल्यास, शैक्षणिक भत्ता वर्षाला ६,००० रुपये आणि तो वसतिगृहाबाहेरचा असल्यास ३,००० रुपये. ज्याचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्यालाच ही शिष्यवृत्ती मिळते. अर्थात घरून भाडे मागवण्याचा मार्ग बहुतेकांना बंदच असतो.

मग भाडे येते कोठून? ते जेवणातून येते. पैशाला शीर्ष कागदावर असते, खिशात नसते. म्हणून ज्या खर्चाला तरतूद नाही, तो तरतूद असलेल्या खर्चाला कुरतडतो. खानावळीचा महिना अर्धाच लावायचा, रात्रीचे जेवण वडापाववर काढायचे, रविवारी दुपारी उशिरा एकदाच जेवायचे, ही काटकसर दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने सुरू होते, आणि तिची वाच्यता कोणी घरी करत नाही. एप्रिल २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील भोजनाऐवजी रोख रक्कम थेट खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. शहरातील सुशिक्षितांना तो विरोध कळला नाही. हातात रोख रक्कम मिळते आहे, मग तक्रार कसली, असे त्यांना वाटले. परंतु ताटात वाढलेली भाकरी गाडीभाड्यात मोडता येत नाही आणि खात्यात आलेली रक्कम मोडता येते, हे त्या मुलांना स्वानुभवाने ठाऊक होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी जो संप केला, तोही शिष्यवृत्तीधारकांच्या वसतिगृह-भोजन शुल्काच्या प्रश्नावरूनच. ज्याचे सारे गणित पाचपन्नास रुपयांच्या फरकावर उभे असते, त्याच्या हिशेबातील एक वीट काढली की भिंत हलते.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याच्या घरी जाण्याची कथा महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण ज्यांच्या नावाने आज योजना चालतात त्यांच्याच चरित्रात आहे. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पदवी मिळाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. ते तातडीने मुंबईस निघाले. वाटेत सुरतेच्या स्थानकावर आजारी वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते उतरले, आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले तेव्हा रामजी सुभेदारांच्या अखेरच्या घटका उरल्या होत्या. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे देहावसान झाले. चरित्रकारांनी हा प्रसंग पितृप्रेमाचा म्हणून सांगितला आहे, आणि तो तसा आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शिकून मोठा होत असलेला मुलगा घरी रिकाम्या हाताने जाऊ शकत नाही. गाडीभाडे हा त्याच्या प्रवासाचा केवळ दृश्य भाग. त्याबरोबर आईसाठी लुगडे किंवा साडी, धाकट्या भावंडांसाठी काही खाऊ, वडिलांच्या औषधाची एखादी बाटली, हे सारे अध्याहृत असते. घाटकोपर स्थानकाबाहेरच्या किंवा बोरिवलीच्या बाजारातील दिवाळीच्या गर्दीत, हातातील नोट दोनदा चाचपून शंभर-सव्वाशेच्या ओढणीचा भाव करणारी मुले याच परंपरेतील आहेत, आणि कोणत्याही योजनेने, अगदी भाड्याची सोय केली तरीही, हा दुसरा खर्च कधी मोजलेला नाही.

त्याच वर्षी आंबेडकर अमेरिकेस गेले. बडोदे संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तिच्यात कोलंबिया विद्यापीठाचा अभ्यास, न्यूयॉर्कमधील राहणे-जेवणे, पुस्तके, आणि घरी पाठवायचे पैसे, हे सारे भागवायचे होते. मध्यंतरी घरी येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. पुढे लंडनला अभ्यास सुरू केल्यावर शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके व सामान दुसऱ्या बोटीने पाठवण्यात आले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. ऑगस्टमध्ये ते मुंबईस पोहोचले. शिष्यवृत्तीच्या करारान्वये बडोद्यास रुजू व्हायचे होते, आणि तेथवर जाण्याच्या खर्चाची सोय कोठून झाली? बुडालेल्या सामानाबद्दल टॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाई म्हणून मिळालेल्या ६०० रुपयांतून. काही रक्कम त्यांनी घरखर्चासाठी पत्नीच्या हाती ठेवली आणि उरलेल्या पैशांतून ते बडोद्यास गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, उच्च विद्याविभूषित माणसाला मुंबईहून बडोद्यापर्यंतचे भाडे बुडालेल्या पुस्तकांच्या किमतीतून द्यावे लागले, हे वाचताना आजही मन विषण्ण होते. पुढे १९४४ साली, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा आरंभ झाला. आजची योजना त्याच मुळापासून वाढलेली आहे.

१९१७ हेच वर्ष दुसऱ्या एका गरीब विद्यार्थ्याच्या आयुष्यातही काळे ठरले. कोकणातील पालगडच्या पांडुरंग सदाशिव साने या मुलाची, पुढे ज्यांना अवघा महाराष्ट्र साने गुरुजी म्हणून ओळखू लागला त्यांची, आई त्या वर्षी वारली, आणि शिक्षणासाठी परगावी असलेल्या मुलाला तिच्या अंतकाळी तिच्याजवळ पोहोचता आले नाही. ती खंत त्यांनी जन्मभर बाळगली. हा मुलगा पालगडच्या त्या घरापर्यंत वेळेवर पोहोचू शकला नाही, यात किती भाग अंतराचा होता, किती दारिद्र्याचा होता, याची वाटणी आज करता येणार नाही. परंतु दूर राहून शिकणाऱ्या निर्धन मुलाच्या मनात जी एक भीती सतत वसत असते, तिचे स्वरूप त्यातून कळते. उपनगरातील खोलीत मध्यरात्री फोन वाजला की ज्या मुलाच्या छातीत धस्स होते, त्याला आधी आईचा किंवा बापाचा चेहरा आठवतो आणि लगोलग खात्यातील शिल्लक आठवते. दुःखाच्या त्या क्षणी पैशाचा विचार यावा, याची त्याला लाज वाटते. ती लाज त्याच्या वाट्याला येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कोकणातून मुंबईला येणे एके काळी आगबोटीचे होते, आणि पावसाळ्यात समुद्र बंद असे. भाडे नसेल त्याला पायवाट होती: धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास घाट चढून पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नव्हते. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली आणि तळकोकण एका रात्रीच्या अंतरावर आले. पश्चिम उपनगरांतील कोकणवासीयांना दादर, ठाणे किंवा दिवा गाठल्याशिवाय कोकणची गाडी मिळत नसे. २९ ऑगस्ट २०२४ रोजी सुरू झालेल्या वांद्रे-मडगाव गाडीने बोरिवलीकरांची ती जुनी मागणी आठवड्यातून दोन दिवसांपुरती पुरी केली. मात्र कोकण रेल्वेवर प्रवासभाडे प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के अधिक अंतर धरून आकारले जाते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बांधकामाचा प्रचंड खर्च भरून काढण्यासाठी ही आकारणी योजली गेली. तिचे अर्थकारण समजण्याजोगे आहे. तथापि सिंधुदुर्गातील शेतमजुराच्या मुलाने त्या बोगद्यांचे व पुलांचे देणे आपल्या खानावळीच्या पैशातून का फेडावे, याला उत्तर नाही.

रेल्वेने विद्यार्थ्याला काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शैक्षणिक संस्थेपासून मूळ गावी जाण्यायेण्यासाठी दुसऱ्या वर्गात व शयनयान वर्गात सर्वसाधारण विद्यार्थ्याला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याला ७५ टक्के सवलत आहे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह बहुतेक वर्गांच्या सवलती काढून घेतल्या, तेव्हा दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या तेवढ्या कायम ठेवल्या. कागदावर पाहता हे साहाय्य फार मोलाचे आहे. आता ते हातात पडते कसे, ते पाहू. सवलतीचा छापील नमुना महाविद्यालयाकडे असावा लागतो; त्यावर प्राचार्यांची सही आणि मोहर लागते; तो घेऊन स्वतः आरक्षण कचेरीच्या खिडकीवर उभे राहावे लागते, कारण विद्यार्थ्याची ही सवलत घरबसल्या संगणकावर तिकीट काढणाऱ्याला मिळत नाही. सवलत मूळ भाड्यावर असते, आरक्षण शुल्क व अतिजलद गाडीचा अधिभार पूर्ण भरावा लागतो. आणि तत्काळच्या तिकिटाला कसलीच सवलत नाही. उपनगरांतील महाविद्यालयांत 'कन्सेशन' हा शब्द उच्चारला की कारकुनाच्या आणि विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर लोकलचा मासिक पास येतो. गावच्या वाटेसाठीही असा कागद असतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलाला सांगणारा कोणी भेटला तर ते त्याचे भाग्य.

यापुढची अडचण मुदतीची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. दिवाळीच्या दोन महिने आधी तिकिटाचे पैसे ज्याच्या हाती असतात, त्याला आसन मिळते. शिष्यवृत्तीच्या रकमेला विलंब होणे इतके नित्याचे आहे, की शिष्यवृत्तीचे अर्ज जेथे भरायचे त्या महाडीबीटीच्या पोर्टलवर अर्ज 'मंजूर' दिसू लागल्यापासून 'पैसे पडले' म्हणेपर्यंत एक शैक्षणिक सत्र उलटणे मुलांना अनपेक्षित वाटत नाही. अशा मुलाच्या हाती पैसा येतो तेव्हा प्रतीक्षायादी शेकड्यांवर गेलेली असते, सवलतीचा कागद निरुपयोगी झालेला असतो, आणि उरतो तो अनारक्षित डबा. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरण्यासाठी झालेल्या चेंगराचेंगरीत अनेक जण जखमी झाले. गरिबाला सणासुदीला घरी जाण्यासाठी काय सोसावे लागते, याचे ते उपनगराच्या उंबरठ्यावर घडलेले दर्शन होते. अनारक्षित डब्यातून मनमाड, छत्रपती संभाजीनगरमार्गे नांदेडपर्यंत रात्रभर उभ्याने गेलेला मुलगा घरी पोहोचल्यावर पहिला दिवस झोपूनच काढतो, आणि आईला वाटते, की पोराला शहराने थकवले.

दुसरा रस्ता खाजगी 'ट्रॅव्हल्स'चा. शुक्रवारी सायंकाळी बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाजवळच्या महामार्गावर, घाटकोपरला छेडानगरपाशी किंवा मुलुंडच्या चेकनाक्यावर पाहावे: पिशव्या, पेट्या, बोचकी यांच्या राशीत माणसे गाडीची वाट पाहत असतात. एप्रिल २०१८ मध्ये शासनाने खाजगी गाड्यांच्या भाड्याला एस.टी.च्या तत्सम गाडीच्या दीडपट, अशी कमाल मर्यादा घालून दिली. सणाच्या तोंडावर ही मर्यादा कितपत पाळली जाते, हे प्रत्येक दिवाळीत परिवहन खात्याला जी कारवाईची घोषणा करावी लागते तीवरूनच उघड होते.

आणि मग एस.टी. बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीचे आगार, कुर्ल्याचे नेहरूनगर, परळ, मुंबई सेंट्रल: उपनगरातील विद्यार्थ्याला गावाशी जोडणारे खरे धागे हेच. महामंडळाच्या सवलतींची यादी वाचताना मन भरून येते, कारण ती यादी तयार करणाऱ्यांनी खेड्यातील विद्यार्थ्याचे जीवन जवळून पाहिले असले पाहिजे. मासिक पासात दोन-तृतीयांश सवलत. मोठ्या सुटीत मूळ गावी जाण्यायेण्यासाठी ५० टक्के. आणि विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या डब्याची ने-आण पूर्णपणे विनामूल्य. पहाटेच्या गाडीत आईने डबा ठेवावा, वाहकाने तो सांभाळून न्यावा आणि तालुक्याच्या स्थानकावर मुलाने तो उतरवून घ्यावा, ही व्यवस्था ज्या महामंडळाने एक पैही न घेता चालवली, त्याचे ऋण महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांवर आहे. उपनगराच्या अंतरावर असा रोजचा डबा येऊ शकत नाही. येथे येते ती कोणी गाववाल्याने आणलेली चटणी आणि भाकरी, तीही अधूनमधून.

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. या निर्णयाची चर्चा बहुधा निवडणुकीच्या आणि महामंडळाच्या तोट्याच्या अंगाने होते. उपनगरांत शिकणाऱ्या मुलींच्या बाजूने त्याच्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. मुलीला आता अर्ज करावा लागत नाही, प्राचार्यांची मोहर लागत नाही, सुटी 'मोठी' आहे की छोटी हे सिद्ध करावे लागत नाही, शिष्यवृत्ती मंजूर झाली की नाही याचा संबंध नाही. ती गाडीत बसते आणि अर्धे भाडे देते. आईला बरे नाही असे समजले तर ती त्याच रात्री निघू शकते. विद्यार्थिनींसाठी म्हणून न आखलेली ही सवलत आज विद्यार्थिनींचे सर्वांत खरे प्रवाससाहाय्य ठरली आहे, आणि तिच्यापासून शासनाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे: जेथे कागद लागत नाही, तेथे मदत वेळेवर पोहोचते. तिच्याच वर्गात बसणाऱ्या तिच्या भावाला मात्र ऐन वर्षात निघायचे असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते.

'मोठी सुटी' या शब्दाशी जरा थांबले पाहिजे, कारण सवलतींचे सारे वेळापत्रक त्याच्याभोवती रचलेले आहे. मोठी सुटी म्हणजे दिवाळी आणि उन्हाळा. सातपुड्यातील भिल्ल-पावरा मुलाला घरी बोलावणारा सण दिवाळी नसतो. तो होळी असतो. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीला डोंगराडोंगरांतून माणसे लोटतात, रात्रभर ढोल घुमतात, आणि नवस फेडायचे असतात ते तेव्हाच फेडले जातात. फाल्गुन पौर्णिमा नेमकी दुसऱ्या सत्राच्या ऐन मध्यावर येते. महाविद्यालयाला धुळवडीची एक दिवसाची सुटी असते. त्या एका दिवसात बोरिवलीहून सुरतमार्गे नंदुरबार, तेथून एस.टी.ने अक्कलकुवा किंवा धडगाव, आणि तेथून जीपने पाड्यापर्यंत जाऊन परत येणे शक्य नाही. चार दिवस बुडवावेत तर हजेरीचे प्रमाण घसरते, आणि ७५ टक्के हजेरी ही तर भत्ता चालू राहण्याची अट. पूर्ण भाडे द्यायचे, हजेरी गमवायची आणि पुढच्या हप्त्याची चिंता करायची, किंवा येथेच राहून ढोलाचा आवाज फोनवर ऐकायचा, अशी ही निवड आहे. आगोट आणि सुगीची हीच गत. भाताची कापणी, कापसाची वेचणी, लहान बहिणीचे लग्न, आजोबांचे तेरावे, यांपैकी काहीही विद्यापीठाच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही.

शिवाय शिष्यवृत्तीच स्वतः विद्यार्थ्याला गावी धाडते. तहसीलदाराच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जिल्हा समितीकडील जातवैधता प्रमाणपत्र, बापाच्या नावातील एका अक्षराच्या फरकाबद्दलचे प्रतिज्ञापत्र: यांतील बरेचसे आता सेतू केंद्रातून संगणकावर होत असले, तरी एखादा कागद अडला म्हणजे माणूस प्रत्यक्ष उभा राहिल्याशिवाय तो हलत नाही. उपनगर जिल्ह्याचे समाजकल्याण कार्यालय चेंबूरला आर. सी. मार्गावरील प्रशासकीय इमारतीत आहे, आणि मूळ दाखला देणारी कचेरी पाचशे किलोमीटरवर. या दोन टेबलांमधील अंतर विद्यार्थी आपल्या खर्चाने तोडतो, आणि ते अंतर तोडल्याशिवाय त्याला तो खर्च भागवणारी रक्कम मिळत नाही.

शासनाला प्रवासाचा खर्च कळत नाही, असेही नाही. परदेशी शिक्षणासाठी २००३ साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षणशुल्क व निर्वाहाबरोबर जातानाचे आणि अभ्यासक्रम पुरा करून परततानाचे विमानभाडे स्पष्ट शब्दांत नमूद आहे. लंडनला जाणाऱ्या विद्यार्थ्याला वाट आहे हे ज्या लेखणीने ओळखले, तिला धडगावहून अंधेरीला येणाऱ्याची वाट ओळखणे कठीण नाही. अमेरिकेत तर विद्यार्थी-साहाय्य ठरवताना शिक्षणाचा एकूण खर्च ज्या शीर्षांनी मोजायचा, ती शीर्षे कायद्यानेच घालून दिलेली आहेत, आणि त्यांत पुस्तके, निवास, भोजन यांच्या पंक्तीत प्रवास बसवलेला आहे. मदत किती मिळेल हा प्रश्न पुढचा. खर्च आहे, एवढे तर तेथे मान्य झाले. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातिजातींची वसतिगृहे उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलांना पोटाशी धरले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्या पिढीने परगावी आलेल्या मुलाला दुसरे घर दिले. महानगराच्या उपनगरात असे दुसरे घर मिळत नाही. सुटीत खानावळ बंद होते, खोलीतले सोबती निघून जातात, आणि ज्याच्याकडे भाडे नाही तो मुलगा दिवाळीचे चार दिवस एकट्याने काढतो. त्यात त्याच्या अभ्यासाचे जे नुकसान होते, ते कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही. कित्येक मुले पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर परतत नाहीत, तेव्हा आपण त्याला 'गळती' म्हणतो आणि इंग्रजीच्या भीतीपासून नोकरीच्या ओढीपर्यंत कारणे शोधतो. घरची ओढ आणि तिचे भाडे यांचा त्यात काय वाटा आहे, हे विचारण्याची तसदीही कोणी घेतलेली मला आढळली नाही.

उपाय अवघड नाही आणि खर्चिकही नाही. स्वाधार, स्वयम् आणि मॅट्रिकोत्तर या तिन्ही योजनांत भोजन, निवास, निर्वाह यांच्याखाली प्रवास हे चौथे शीर्ष घालावे. वर्षातून दोन खेपांचे, साध्या एस.टी.चे, जाण्यायेण्याचे पूर्ण भाडे त्यात द्यावे. साडेचारशे किलोमीटरवरच्या गावासाठी ही रक्कम आजच्या दराने ३,०१५ रुपये होते, म्हणजे ६०,००० च्या तुलनेत विसावा हिस्सा. तिकीट दाखवण्याची अट नसावी. अर्जात मूळ गावाचा तालुका व जिल्हा विद्यार्थ्याने आधीच भरलेला असतो आणि टप्प्यांचे कोष्टक महामंडळाकडे तयार आहे, तेव्हा रक्कम यंत्रानेच काढावी. खेप कोणत्या सणाला करायची, की सण नसताना करायची, हे त्या मुलावर आणि त्याच्या घरावर सोपवावे. होळीला जाणाऱ्याची हजेरी त्या चार दिवसांपुरती धरावी. आणि पैसे श्रावणात खात्यावर पडावेत, कारण दिवाळीच्या गाड्यांचे आरक्षण त्याच महिन्यात खुले होते आणि पाहता पाहता संपते.